फोटोतला अर्धा हात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ‘जगातले दहा महान गिटारिस्ट’ असा लेख आला होता, तो मी दुकानात बसून दोनदा वाचला. दुकान म्हणजे सांगलीत गावभागातलं ॲम्प्लिफायर-स्पीकर रिपेरिंगचं. गणपती जवळ आले की पाय ठेवायला जागा नसते, बेंजो पार्टीवाले, मंडळवाले, भजनवाले सगळे एकदमच येतात आणि सगळ्यांना मशीन कालच पाहिजे असतं. त्यातनं वेळ काढून वाचला. आधी चांगलं बोलतो. आपल्याकडच्या पेपरनं रॉक आणि मेटलसाठी अर्धं पान सोडलं हेच लई झालं, एरवी आमच्या म्युझिकला धांगडधिंगा सोडून दुसरा शब्द कुणी वापरत नाही.

पण तो फोटो बघून डोकं फिरलं. आयर्न मेडन या इंग्लंडच्या मेटल बँडच्या डेव्ह मरेचा फोटो टाकलाय तुम्ही, जुना आहे, चांगला आहे. त्याच्या उजव्या कडेला कुणाचातरी अर्धा हात दिसतोय, कोपरापासून पुढं, बोटं गिटारच्या दांडीवर. बाकीचा माणूस कापलाय. जुना फोटो म्हणजे तो मेडनचाच दुसरा गिटारिस्ट ॲड्रियन स्मिथ असणार आणि तुमच्या दहाच्या यादीत तो नाही. पुढं वाचत गेलो तर सगळीकडं हेच. ऑलमन ब्रदर्सचा डुआन ऑलमन आहे पण डिकी बेट्स नाही. ज्युडस प्रीस्टचा ग्लेन टिप्टन आहे आणि केके डाउनिंग गायब. थिन लिझीचे स्कॉट गोरहॅम, ब्रायन रॉबर्टसन तर दोघंही नाहीत. म्हणजे जिथं जोडी होती तिथं एकाला निवडला आणि दुसऱ्याला कात्री लावली, आणि जिथं निवडता आलं नाही तिथं दोघांनाही घरी पाठवलं.

वर लेखकानं एका ठिकाणी लिहिलंय की या बँडमध्ये दोन गिटारांची ‘जुगलबंदी’ असते. तिथं मी पेपर खाली ठेवला आणि चहा सांगितला.

साहेब, मी मिरजेजवळ वाढलेला माणूस आहे, जुगलबंदी काय ते आम्हाला सांगायला नको. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं वर्षानुवर्षं गाणं होतं, लहानपणी वडिलांच्या मांडीवर झोपा काढत का होईना पण ऐकलंय. जुगलबंदीत एकजण म्हणतो हे बघ मी काय वाजवलं, दुसरा म्हणतो मग आता हे घे. सवाल-जवाब. तसं रॉकमध्ये पण असतं, नाही असं नाही, स्लेयरचे केरी किंग आणि जेफ हॅनमन तेच करायचे, एकाचं किंचाळून झालं की दुसरा सुरू. पण मेडनसारख्या बँडमध्ये असतं त्याला ट्विन लीड म्हणतात, आणि ट्विन लीड म्हणजे ते नव्हे. ट्विन लीडमध्ये दोघं एकाच वेळी एकच चाल वाजवतात, फक्त वेगवेगळ्या उंचीवरनं. एक सा वर असतो तेव्हा दुसरा ग वर, तो रे वर गेला की हा म वर, तो ग वर की हा प वर. कोण कुणाला उत्तर देत नाही. आणि हा प्रकार आपल्या रागसंगीतात नाहीच, त्यामुळं आपल्याकडं त्याला शब्द पण नाही, म्हणून लेखकानं हाताला लागला तो शब्द घेतला असणार, त्याचा फार राग नाही.

आता कुणी म्हणेल मग दुसऱ्यानं काय केलं, पहिल्याचंच तर वरनं वाजवलं, झेरॉक्स काढली. तसं नसतं बघा. मेटलवाल्यांचा आवडता मायनर स्केल म्हणजे आपला असावरी थाट समजा. त्यात सा पासून कोमल ग तीन पडदे लांब, रे पासून म पण तीन, पण कोमल ग पासून प चार पडदे. परत म ते कोमल ध तीन आणि कोमल ध ते वरचा सा चार. म्हणजे दुसऱ्यानं पहिल्याच्या बोटांचा आकार उचलून वर ठेवला तर दोन सुरातच बेसूर होतो, त्याला त्याची स्वतःची वाट काढायला लागते आणि ती वाट पहिल्याच्या वाटेला समांतर दिसायला पण लागते. तार ओढायची असली की अजून भानगड, पहिला रे वरनं कोमल ग ला ओढतो म्हणजे एक पडदा, तेवढ्याच वेळात दुसऱ्याला म वरनं प ला न्यायचंय म्हणजे दोन पडदे, आणि दोघं एकाच क्षणी वर पोचले पाहिजेत. एक जरा आधी पोचला की संपलं, कानाला लगेच कळतं.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही, बेइज्जती होऊन कळलंय. १९९८ ची गोष्ट. मी आणि माझा एक मित्र, तो मिरजेतल्या सतारमेकरांच्या घरातला, तानपुऱ्याची जवारी काढताना बघतच मोठा झालेला. तुम्हाला माहितीच आहे मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण तेव्हा त्या घरातल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलं होतं आणि घरात त्यावरनं रोज भांडण. आमच्याकडं दोन गिव्हसन गिटारी, एक नवी, एक चौथ्या हाताची. एका कॅसेटवरनं थिन लिझीचं ‘द बॉईज आर बॅक इन टाउन’ बसवलं, त्यातला तो दोन गिटारांचा तुकडा महिनाभर घासला. माझ्या खोलीत भारी वाजायचं. कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवर गेलो, साउंडवाल्याकडं एकच ॲम्प रिकामा होता, त्यानं आमच्या दोन्ही गिटारी एक वायर जोडून त्याच एका ॲम्पमध्ये घातल्या आणि मी डिस्टॉर्शन फुल केलं. जो आवाज आला तो ऊस कारखान्याच्या गव्हाणीत लोखंड पडल्यावर येईल तसा. पोरं ओरडायला लागली, मागनं कुणीतरी चप्पल टाकली, एकच टाकली, दुसरी त्याला घरी जायला लागत असणार.

मला वाटलं आम्ही चुकलो. मित्र म्हणाला हात बरोबर होते, ॲम्पची पेटी चुकली.

हे कसं ते सांगतो, माझ्या धंद्यातलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडून द्या.

ॲम्पला त्याच्या कुवतीबाहेर ढकललं की सिग्नल क्लिप होतो, लाटेचा माथा छाटला जातो, तो खरखरीत आवाज म्हणजेच डिस्टॉर्शन. एकच सूर असला तर छान दाटपणा येतो. पण एकाच ॲम्पमध्ये दोन सूर घातले तर छाटताना ते एकमेकांत मिसळतात आणि कुणीच न वाजवलेले सूर तयार होतात, दोघांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे. सा समजा २२० हर्ट्झ आणि प ३३०, वजाबाकी ११०, म्हणजे खालचाच सा, घरचाच माणूस आला. म्हणून रॉकवाले सा-प दाबून पॉवर कॉर्ड वाजवतात आणि ती कितीही डिस्टॉर्ट करा, भरदारच लागते. आता गंधार घ्या. गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार २७७ ला पडतो, वजाबाकी ५७. अजून खालचा सा असतो ५५ वर. म्हणजे घरच्याच्या शेजारी कुणीतरी परका येऊन बसला आणि दोघांचं जमत नाही, आतल्या आत घुरघुर सुरू. तानपुऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू म्हणतात तो, त्याच्या हिशेबानं ग २७५ वर पाहिजे. माझा मित्र पहिल्या दिवसापासनं म्हणायचा तुमच्या गिटारचा गंधार चढा आहे, मला वाटायचं घराण्याचा माज दाखवतोय. नंतर फ्रीक्वेन्सी काउंटर लावून मोजला, चढाच निघाला.

तर उपाय काय, दोन सूर एका पेटीत जाऊच द्यायचे नाहीत. दोन माणसं, दोन गिटारी, दोन ॲम्प. प्रत्येक ॲम्प एकच सूर छाटतो, तो स्वच्छ दाट राहतो आणि दोघं भेटतात ते थेट हवेत. गोडवा तिथं येतो. पुढच्या वर्षी मंडळापुढं वाजवायची संधी मिळाली तेव्हा मी बेंजो पार्टीचे दोन अहुजा ॲम्प, दुरुस्तीला आलेले, मालकाला न विचारता नेले आणि एक स्टेजच्या या टोकाला, एक त्या टोकाला ठेवला. तोच तुकडा, तीच बोटं. लोक नाचले. एक म्हातारबाबा येऊन म्हणाले, पोरांनो शेवटाला ते सनईसारखं काय वाजवलं रे? आम्हाला अजून तेवढं मोठं बक्षीस मिळालेलं नाही.

म्हणजे ट्विन लीड ही नुसती हौस किंवा स्टाईल नाही, एकट्या माणसाला एका ॲम्पवर डिस्टॉर्शनमध्ये ते स्वच्छ जमत नाही म्हणून दुसरा लागतो. आणि म्हणून एकाला कापून दुसऱ्याला महान म्हणणं मला पटत नाही, बाकी काही नाही.

गंमत बघा, या जोड्या जमल्या पण कशा, कुणी फार विचार करून जमवलेल्या नाहीत. विशबोन ॲश बँडला एक गिटारिस्ट पाहिजे होता, शेवटी अँडी पॉवेल आणि टेड टर्नर असे दोघं उरले, निवडता येईना, म्हणून दोघांनाही घेतलं. नोकरीच्या इंटरव्ह्यूत असं होत नाही कधी, आम्हाला तर एकालाही घेत नव्हते. त्या दोघांनी १९७२ ला ‘आर्गस’ काढला आणि पुढच्या सगळ्या मेटलवाल्यांनी तो घोटून पाठ केला, मेडनचा स्टीव्ह हॅरिस तर स्वतः सांगतो. ज्युडस प्रीस्टचं तसंच. १९७४ ला पहिल्या रेकॉर्डच्या आधी कंपनी म्हणाली अजून एक माणूस घ्या, कीबोर्डवाला किंवा तुतारी-ट्रम्पेटवाला. डाउनिंगला ते पटेना, तो म्हणाला घ्यायचाच तर गिटारवाला घ्या, आणि ग्लेन टिप्टन आला. विचार करा, त्या दिवशी ट्रम्पेटवाला घेतला असता तर हेवी मेटल लग्नाच्या वरातीत गेलं असतं. थिन लिझीचा म्होरक्या फिल लिनट, त्याचं तर असं सांगतात की आधीचा गिटारिस्ट एरिक बेल मध्येच सोडून गेला, तेव्हा त्यानं ठरवलं की इथनं पुढं दोन ठेवायचे, एक पळाला तरी एक राहील. सुटा टायर ठेवतात तसं.

आणि सुट्या टायरवरनं जे उभं राहिलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं, त्यामुळं इथं जरा थांबतो. ब्रायन रॉबर्टसन स्कॉटलंडचा, बँडमध्ये आला तेव्हा अठरा वर्षांचा, तापट, वाह-वाह पेडलवर पाय आणि नाकावर राग. स्कॉट गोरहॅम कॅलिफोर्नियाचा, शांत, सरळ वाजवणारा. १९७६ ला ‘जेलब्रेक’ आला, नाव झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटाला अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या तोंडावर रॉबर्टसननं लंडनच्या एका क्लबात मारामारी करून स्वतःचा हात कापून घेतला. गिटारिस्टनं हात! लिनट भडकला. पुढची रेकॉर्ड १९७७ ची ‘बॅड रेप्युटेशन’, तिच्या कव्हरवर तिघंच आहेत, रॉबर्टसनचा फोटोच नाही. गोरहॅमनं स्टुडिओत दोन्ही गिटारी स्वतःच वाजवल्या, खालची पण आणि वरची पण, कारण रेकॉर्डिंगमध्ये एकावर एक ट्रॅक चढवता येतात, तिथं एकटा माणूस दोघं होऊ शकतो. मग काय, सगळंच त्यानं उरकून टाकायचं ना? नाही उरकलं. दोन गाण्यांत त्यानं सोलोची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आणि लिनटला म्हणाला हे ब्रायननंच वाजवायचं. शेवटी त्याला बोलावला, त्यानं येऊन त्या जागा भरल्या. हे मी कितीही वेळा सांगू शकतो. ज्याला एकट्याला सगळं येत होतं त्यानं जागा ठेवली.

आणि तुमच्या यादीत तो नाही.

ऑलमन ब्रदर्सचं वेगळंच. ते मेटल नाही, अमेरिकेच्या दक्षिणेकडचं ब्लूज आणि जॅझ. मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या फिल्मोर ईस्टमध्ये रेकॉर्ड केलेला त्यांचा लाइव्ह अल्बम आहे, त्यात ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ तेरा मिनिटांचं, बेट्सनं बांधलेलं, आणि ते एलिझाबेथ रीड नाव मेकन गावच्या कबरस्तानातल्या एका थडग्यावरचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डुआन मोटरसायकलच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा होता, आणि त्याला पुढं पुरलं ते त्याच कबरस्तानात. आता बेट्सनं काय केलं? दुसरा डुआन आणला नाही. पियानोवाला घेतला, चक लेव्हल, आणि पुढं ‘जेसिका’ सारख्या गाण्यात गिटारला जोड मिळाली ती पियानोची. ती जेसिका म्हणजे त्याची लहान मुलगी. बेट्स २०२४ च्या एप्रिलमध्ये गेला. तुमच्या लेखात डुआनवर आठ ओळी आहेत आणि त्यात एकदाही दुसऱ्या गिटारचा उल्लेख नाही, फिल्मोरच्या रेकॉर्डिंगवर लिहिताना सुद्धा. मला वाटतं लेखकानं ते ऐकलेलं नाही, राग मानू नये, वाचून लिहिलंय.

प्रीस्टच्या जोडीत मला टिप्टन जास्त आवडतो हे कबूल करतो, त्याला आईनं पियानो शिकवलेला आणि ते त्याच्या सोलोत दिसतं, सुरुवात-मध्य-शेवट असा विचार असतो. डाउनिंग म्हणजे व्ही आकाराची फ्लाइंग व्ही गिटार गळ्यात आणि तारा सैल-ताठ करायचा दांडा हलवून आरडाओरड. पण टिप्टनच चांगला का वाटतो? शेजारी डाउनिंग पेटलेला असतो म्हणून. दोघंही टिप्टन असते तर झोप लागली असती. १९८० ला ‘ब्रिटिश स्टील’ त्यांनी रिंगो स्टारच्या घरात रेकॉर्ड केला, आणि लोखंडी माणसांच्या पावलांचा आवाज पाहिजे म्हणून स्वयंपाकघरातला काटे-चमच्यांचा ट्रे हलवला, हे आपलं जाता जाता सांगितलं. २०११ ला डाउनिंग बँड सोडून गेला, वाद झाले, एकमेकांविरुद्ध बोलून झालं. २०१८ ला टिप्टनचा पार्किन्सन जाहीर झाला. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात दोघं परत एका स्टेजवर उभे राहिले आणि वाजवलं. मी तो व्हिडिओ दुकानात बघत होतो, गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं पाच मिनिटं थांबा.

मेडनचं तर आम्ही डोळ्यांनी बघितलंय. १७ मार्च २००७, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. मी आणि तोच मित्र मिरजेहून रात्रीच्या गाडीनं गेलो, डब्यात आईनं दिलेली भाकरी आणि भडंग. मरे आणि स्मिथ पूर्व लंडनमधले पोरवयापासनंचे दोस्त, शाळकरी बँडपासनं एकत्र, स्मिथ १९८० ला मेडनमध्ये आला, १९९० ला गेला, त्याच्या जागी यानिक गर्स आला. १९९९ ला स्मिथ परत आला तेव्हा कुणालाच काढलं नाही, तिघंही ठेवले. हे आपल्याकडं कुठल्या सोसायटीच्या संचालक मंडळात होईल का? तर त्या गर्दीत माझा मित्र डोळे मिटून उभा आणि बोटानं दाखवतोय, आता मरे, आता स्मिथ, आता परत मरे. एकदाही चुकला नाही. मी विचारलं कसं रे ओळखतोस, तर म्हणाला मरे तेल लावल्यासारखा सरकतो, एकदा छेडलं की बोटांनीच पुढचे चार सूर काढतो, आणि स्मिथ प्रत्येक सूर मोजून ठेवतो. दोघं हार्मनीत, म्हणजे ट्विन लीडवर आले की मात्र त्याचं बोट खाली जायचं. तेव्हा वेगळं दाखवायला काही नसायचंच.

ईगल्स बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ बद्दल लिहायलाच पाहिजे कारण सांगली-कोल्हापूरच्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात ते वाजतं आणि नव्वद टक्के वेळा शेवटचा सोलो एकटाच माणूस वाजवतो. त्यात डॉन फेल्डर आणि जो वॉल्श असे दोघं आहेत हो! आधी आळीपाळीनं आणि मग शेवटाला दोघं मिळून पायऱ्या उतरल्यासारखे खाली येतात. फेल्डरनं त्याचा डेमो घरी कॅसेटवर करून ठेवला होता, मायामीत रेकॉर्डिंगला बसल्यावर ठरलं की सोलो डेमोतल्यासारखाच पाहिजे, आणि याच्या लक्षात नाही. मग लॉस एंजलिसला घरी फोन लावून घरकाम करणाऱ्या बाईंना सांगितलं ती कॅसेट टेपला लावा आणि फोन जवळ धरा. जगातला सगळ्यात गाजलेला सोलो फोनवरनं ऐकून परत बसवलेला आहे. ते १९७६ चं. त्याच फेल्डरला २००१ ला बँडमधनं काढलं, केस झाली. जोड्या टिकतात असं मी म्हणत नाही.

नव्यांमध्ये मेगाडेथचे मस्टेन आणि मार्टी फ्रीडमन यांचं १९९० चं काम ऐका, ‘रस्ट इन पीस’. स्वीडनच्या गॉथेनबर्गवाल्या पोरांनी मेडनची हार्मनी उचलून डेथ मेटलच्या गुरगुरीखाली लावली, तो प्रकार मला अर्धाच झेपतो पण माझ्या पुतण्याला आवडतो. त्यातल्या आर्च एनिमी बँडचे मायकल आणि क्रिस्टोफर अमॉट तर सख्खे भाऊ. बाकी यादी करत बसत नाही, नाहीतर मी पण तुमच्या लेखासारखाच होईन.

एक माणूस राहिला जो माझं सगळं म्हणणं खोटं पाडू शकतो. क्वीनचा ब्रायन मे. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथं पोरांचा द हेक्टिक्स म्हणून बँड होता त्यात पियानो वाजवायचा, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पेपरात येतं. पण मे बद्दल कुणी लिहीत नाही. वडिलांबरोबर घरात गिटार बनवली, दांडीला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, आणि स्टुडिओत एकट्यानं एकावर एक ट्रॅक चढवून गिटारांचा अख्खा ताफा उभा केला, एकेक सूर वेगळा म्हणून स्वच्छ. म्हणजे दुसरा माणूस लागतच नाही? मी पण तसंच समजत होतो. पण स्टेजवर त्याला ट्रॅक चढवता येत नाहीत, तेव्हा तो काय करतो बघा, ‘ब्रायटन रॉक’ च्या सोलोत डिले मशीन लावतो, आत्ता वाजवलेलं थोड्या वेळानं वेगळ्या ॲम्पमधनं परत येतं आणि त्याच्यावर तो पुढचं वाजवतो. स्वतःच्याच आवाजाची वाट बघत वाजवतो. एवढा मोठा माणूस, पण दुसरा ॲम्प आणि दुसरा सूर त्याला पण लागलाच.

माझं पण आता तसंच झालंय. मित्र २००९ ला मस्कतला गेला. व्हिडिओ कॉलवर दोघं वाजवून बघितलं, नाही जमत, आवाज तिकडं जाऊन येईपर्यंत जो उशीर होतो तेवढ्यात हार्मनीचा कचरा होतो. मग मी कॉम्प्युटरवर दोन्ही बाजू माझ्याच वाजवल्या. बरोबर येतं, अगदी मोजून बरोबर येतं, आणि दोनदा ऐकून बंद करतो, कारण वरचा माणूस कुठं चुकणार, कुठं जोरात ओढणार हे मला आधीच माहीत असतं. मित्र कोमल गंधार जरा उतरलेला घ्यायचा, तार आधी ओढून ठेवायचा आणि हळूच सैल सोडायचा, तानपुऱ्याच्या घरातला होता ना. ते माझ्या बोटात नाही.

त्यामुळं विनंती एवढीच की पुरवणीत परत कधी असा लेख केला तर दहा माणसं घेण्याऐवजी पाच जोड्या घ्या, जागा तेवढीच लागते. आणि मरेचा तो फोटो पूर्ण असेल तर परत छापा.

सांगली-मिरज-कुपवाडमध्ये कुणी दुसरी गिटार वाजवणारं असेल तर दुकानावर यावं. गिटार नसली तरी चालेल, माझ्याकडं दोन आहेत. ॲम्प पण दोन आहेत.

आपला,
एक ॲम्प्लिफायरवाला
गावभाग, सांगली

ता.क. पत्र लांबलंय हे मला कळतंय, कापायला लागणारच तुम्हाला. कापायचंच तर माझी गॅदरिंगची आणि चपलेची गोष्ट कापा, २२० आणि २७७ चा पॅरा पण गेला तरी चालेल. गोरहॅमनं जागा मोकळी ठेवली तेवढं कापू नका.